लिनक्सवर पॅकेज सापडत नाही, तेव्हा काय करायचं?

लिनक्स वापरायला घेतलं की थोड्याच दिवसांत टर्मिनलवर ही ओळ दिसते: ‘अनएबल टू लोकेट पॅकेज’. वाचलेली आज्ञा तुम्ही जशीच्या तशी टाइप केलेली असते, तरी संगणक म्हणतो की या नावाचं काही नाहीच. मग शोधाशोध सुरू होते. सापडेल ती पुढची आज्ञा चिकटवायची, ती चालली नाही तर तिसरी. आणि शेवटी कंटाळून सगळी सिस्टीमच नव्यानं टाकायची. याची काहीही गरज नसते. पॅकेज, म्हणजे टाकायला तयार बांधलेलं सॉफ्टवेअर, न सापडण्याची कारणं मोजकी आहेत. ती ठरावीक क्रमानं तपासली तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं आणि सिस्टीमही सुरक्षित राहते.

इथली उदाहरणं मुख्यतः उबुंटू, डेबियन आणि मिंट या लिनक्सच्या प्रकारांवरची, म्हणजे डिस्ट्रिब्युशनवरची, आहेत, कारण नवीन माणूस बहुधा तिथूनच सुरुवात करतो. फेडोरा आणि आर्चवर जिथे वेगळं करावं लागतं, तिथे तसं सांगितलं आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, आणि मोठं अक्षर हवं असं म्हटलं नसेल तिथे सगळी अक्षरं लहान ठेवायची.

पायरी १: नक्की कोण तक्रार करतंय ते बघा

‘सापडत नाही’ असं सांगणारे संदेश तीन प्रकारचे असतात. तिन्ही सारखेच वाटतात, पण त्यांचे उपाय वेगळे आहेत.

‘कमांड नॉट फाउंड’ हे शेल, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेणारा प्रोग्राम, म्हणतं. या नावाचा प्रोग्राम त्याला त्याच्या शोधाच्या जागांमध्ये दिसला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘अनएबल टू लोकेट पॅकेज’ हे एपीटी, म्हणजे उबुंटू-डेबियनवर पॅकेजेस टाकणारं साधन, म्हणतं. त्याच्याकडच्या यादीत हे नाव नाही. आणि ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असं आलं, तर प्रोग्राम तुमच्याकडे आहे, पण त्याला लागणारी एखादी लायब्ररी (अनेक प्रोग्राम वापरतात तो सामायिक कोड) नाही.

पहिला संदेश आला म्हणजे पॅकेज टाकलेलंच नाही असं समजू नका. पॅकेजचं नाव एक आणि आज्ञेचं नाव दुसरं, असं अनेकदा असतं. ‘रिपग्रेप’ पॅकेज टाकलं की चालवायची आज्ञा फक्त ‘आरजी’ असते. डेबियन आणि उबुंटूवर ‘बॅट’ पॅकेजची आज्ञा ‘बॅटकॅट’ आहे, कारण ‘बॅट’ हे नाव तिथे आधीच दुसऱ्या पॅकेजनं घेतलेलं होतं. पॅकेजनं कुठे कोणत्या फाइल ठेवल्या हे पाहायला ‘डीपीकेजी -एल’ आणि पुढे पॅकेजचं नाव लिहा. यातला एल मोठा हवा. यादीत ‘/यूएसआर/बिन/’ने सुरू होणाऱ्या ओळी शोधा, चालवायची आज्ञा तिथे असते.

डेबियनवर आणखी एक गोष्ट नवख्यांना फार छळते. व्यवस्थापनाचे अनेक प्रोग्राम ‘/यूएसआर/एसबिन’मध्ये असतात आणि ती जागा साध्या वापरकर्त्याच्या शोधमार्गात नसते. त्यातून २०१९ सालच्या डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ करून रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला वापरकर्ता, झालं तर शोधमार्ग बदलत नाही. रूट होऊनही ‘कमांड नॉट फाउंड’ दिसतं आणि माणूस गोंधळतो. ‘एसयू -’ असं, शेवटी आडवी रेघ देऊन लिहा. प्रोग्राम पहिल्यापासून तिथेच होता हे लगेच कळेल.

पायरी २: यादी ताजी करा, आणि उत्तर वाचा

एपीटी दर वेळी इंटरनेटवर जाऊन शोधत नाही. तुमच्या संगणकावर ‘/वार/लिब/एपीटी/लिस्ट्स’मध्ये साठवलेल्या यादीतच ते शोधतं. सिस्टीम नुकतीच टाकलेली असेल तर ही यादी जुनी असते, आणि डॉकरच्या (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायच्या साधनाच्या) बहुतेक प्रतिमांमध्ये ती नसतेच. म्हणून आधी ‘सुडो एपीटी अपडेट’ द्या (‘सुडो’ म्हणजे पुढची आज्ञा रूटच्या अधिकारानं चालवणं) आणि मगच इन्स्टॉलची आज्ञा पुन्हा चालवा. ‘अपडेट’ फक्त यादी आणतं. पॅकेजेस नवी करण्याचं काम ‘अपग्रेड’चं आहे.

अपडेट चालवलं आणि ओळी भराभर वर गेल्या म्हणजे झालं, असं नाही. शेवटच्या पाच-सहा ओळी थांबून वाचा. ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ दिसलं तर इंटरनेट किंवा डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणारी सेवा) चालत नाहीये, पॅकेजचा काही दोष नाही. ४०४ आलं तर मागितलेली फाइल सर्व्हरवर त्या जागी नाही; त्याबद्दल पायरी ५ मध्ये बोलू. ‘इज नॉट व्हॅलिड येट’ असं आलं तर संगणकाचं घड्याळ मागे पडलंय. घड्याळाची बॅटरी नसलेल्या छोट्या बोर्डांवर हे हमखास होतं. तारीख-वेळ बरोबर केली की सुटतं. ‘नो पबकी’ म्हणजे त्या रिपॉझिटरीची (पॅकेजेस जिथून येतात त्या भांडाराची) सही तपासायची किल्ली तुमच्याकडे नाही. किल्ली आणायची तर ती रिपॉझिटरी चालवणाऱ्यांच्या अधिकृत पानावरूनच आणा. आणि सही तपासणं बंद करायचा सल्ला कुणी दिला तर तो अजिबात मानू नका. तुमच्या संगणकावर रूटच्या अधिकारानं काय उतरणार, हे त्या एका तपासणीवर ठरतं.

फेडोरावर डीएनएफ हे एपीटीसारखं साधन ठरावीक काळानं यादी आपण होऊन ताजी करतं, त्यामुळे ही अडचण कमी येते. आर्चवर मात्र नुसती यादी ताजी करून एकच पॅकेज टाकू नका. तिथे अर्धवट अपग्रेड चालत नाही. ‘सुडो पॅकमॅन -एसवाययू’ देऊन सगळं एकत्र नवं करा. त्यातला एस मोठा, बाकीची अक्षरं लहान.

पायरी ३: नाव खरंच तेच आहे का?

माझ्या मते नवशिक्यांच्या निम्म्याहून जास्त अडचणी इथेच असतात. एकच सॉफ्टवेअर वेगवेगळ्या डिस्ट्रिब्युशनमध्ये वेगवेगळ्या नावानं राहतं, आणि तुम्ही वाचत असलेली सूचना कुणासाठी लिहिली आहे हे तिच्यात सांगितलेलं नसतं. अपाची वेब सर्व्हर डेबियन-उबुंटूवर ‘अपाची२’ आहे, फेडोरावर ‘एचटीटीपीडी’ आणि आर्चवर नुसता ‘अपाची’. सी भाषेचा कंपायलर आणि सोबतची साधनं हवी असतील तर उबुंटूवर ‘बिल्ड-एसेन्शियल’, आर्चवर ‘बेस-डेव्हल’. सूचनेत ‘डीएनएफ’ किंवा ‘यम’ दिसलं की ती फेडोरा-रेडहॅटच्या घराण्यासाठी आहे. तिथलं पॅकेजचं नाव उचलून ‘एपीटी’पुढे लावलं तर ते मिळेलच याचा भरवसा नाही.

नाव शोधायला ‘एपीटी सर्च’ आणि पुढे एखादा शब्द द्या. वर्णनातही शोध होत असल्यानं यादी फार लांब येते. ‘--नेम्स-ओन्ली’ जोडलं की फक्त नावांत शोधलं जातं. नेमका शब्द माहीत नसेल तर कामाचा शब्द द्या, म्हणजे ‘पीडीएफ’ किंवा ‘स्कॅन’.

सॉफ्टवेअर स्वतः कंपाइल करताना, म्हणजे मूळ कोडपासून बनवताना, ‘ओपनएसएसएल/एसएसएल.एच: नो सच फाइल’ असा संदेश आला, तर गोष्ट आणखी गुंतते, कारण हे पॅकेजचं नाव नसून फाइलचं नाव आहे. ओपनएसएसएल तर तुमच्याकडे आधीपासून असतं. मग कमी काय आहे? डेबियन आणि उबुंटू प्रत्येक लायब्ररीचे दोन भाग करतात: एक प्रोग्राम चालवण्यापुरता, दुसरा प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी. दुसऱ्याच्या नावाला ‘-डेव्ह’ लागतं, फेडोरावर ‘-डेव्हल’. आर्चवर अशी फोड सहसा नसते. म्हणून हीच फाइल उबुंटूवर ‘लिबएसएसएल-डेव्ह’मध्ये मिळते, फेडोरावर ‘ओपनएसएसएल-डेव्हल’मध्ये आणि आर्चवर थेट ‘ओपनएसएसएल’मध्ये.

ही नावं पाठ करायची गरज नाही. फाइलवरून पॅकेज शोधायचं साधन सगळीकडे आहे आणि ते पहिल्याच महिन्यात शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. उबुंटू-डेबियनवर ‘एपीटी-फाइल’ नावाचं पॅकेज टाका, एकदा ‘सुडो एपीटी-फाइल अपडेट’ द्या आणि मग ‘एपीटी-फाइल सर्च’पुढे फाइलचं नाव लिहा. फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ हेच काम करतं. आर्चवर ‘सुडो पॅकमॅन -एफवाय’ चालवून फाइलींची यादी आणा आणि मग ‘पॅकमॅन -एफ’नं शोधा, दोन्हीत एफ मोठा. संदेशात आलेलं फाइलचं नाव इथे द्यायचं आणि मिळालेलं पॅकेज टाकायचं. अंदाज करावाच लागत नाही.

काही जुनी नावं आता मागे पडली आहेत. ‘आयएफकॉन्फिग’ मिळत नाही कारण ते ‘नेट-टूल्स’ या पॅकेजात आहे आणि आताच्या बहुतेक सिस्टीमवर ते आपोआप येत नाही. हवं तर टाका, पण ‘आयपी ॲड्रेस’ ही नवी आज्ञा तेच दाखवते आणि ती आधीपासून असते. उबुंटू २०.०४ पासून नुसती ‘पायथन’ आज्ञा नसते, ‘पायथन३’ लिहावं लागतं. सिस्टीमची माहिती दाखवणाऱ्या ‘निओफेच’चा प्रकल्प २०२४ मध्ये त्याच्या कर्त्यानं थांबवला; त्याच्या जागी ‘फास्टफेच’ बघा.

पायरी ४: रिपॉझिटरीचा तो भाग चालू आहे का?

उबुंटूची पॅकेजेस चार भागांत विभागलेली आहेत. ‘मेन’ म्हणजे कॅनॉनिकल कंपनी ज्याची जबाबदारी घेते ते मुक्त सॉफ्टवेअर, ‘रिस्ट्रिक्टेड’मध्ये मालकीचे ड्रायव्हर, ‘युनिव्हर्स’मध्ये समुदायानं सांभाळलेलं प्रचंड भांडार, आणि ‘मल्टिव्हर्स’मध्ये परवान्याच्या अटी असलेलं सॉफ्टवेअर. व्हीएलसी आणि एफएफएमपेग ‘युनिव्हर्स’मध्ये आहेत. हा भाग बंद असेल तर इतकी प्रसिद्ध सॉफ्टवेअरंही ‘नाहीत’ असंच उत्तर मिळतं. ‘सुडो ॲड-एपीटी-रिपॉझिटरी युनिव्हर्स’ दिलं की भाग चालू होतो. त्यानंतर पुन्हा अपडेट. उबुंटू २४.०४ मध्ये ही मांडणी ‘/ईटीसी/एपीटी/सोर्सेस.लिस्ट.डी/उबुंटू.सोर्सेस’ या फाइलमध्ये ‘कंपोनंट्स’ शब्दापुढे वाचायला मिळते.

डेबियनवर भागांची नावं ‘मेन’, ‘कॉन्ट्रिब’, ‘नॉन-फ्री’ आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ अशी आहेत. वाय-फायचं फर्मवेअर (तो यंत्रभाग चालवणारं सॉफ्टवेअर) सापडत नसेल तर बहुधा हा शेवटचा भाग लिहायचा राहिलेला असतो. जुन्या सूचनांत फक्त ‘नॉन-फ्री’ जोडायला सांगितलेलं असतं. नव्या डेबियनवर फर्मवेअरसाठी तेवढं पुरत नाही. फेडोरावर व्हिडिओचे काही कोडेक (तो उलगडून दाखवणारं सॉफ्टवेअर) मूळ रिपॉझिटरीत नसतात, त्यासाठी ‘आरपीएम फ्यूजन’ जोडतात. रेडहॅट घराण्यातल्या सर्व्हरवर जास्तीची पॅकेजेस ‘ईपेल’मधून येतात.

नक्की काय चाललंय हे एका आज्ञेत पाहायचं तर ‘एपीटी पॉलिसी’पुढे पॅकेजचं नाव द्या. ‘इन्स्टॉल्ड’पुढे तुमच्याकडची आवृत्ती, ‘कँडिडेट’पुढे मिळू शकणारी आवृत्ती आणि खाली ती कुठल्या रिपॉझिटरीतून येणार ते दिसतं. ‘कँडिडेट’पुढे ‘नन’ असेल तर नाव एपीटीला माहीत आहे, पण टाकण्याजोगं काही त्याच्याकडे नाही. आणि आज्ञेनं या ओळी दाखवल्याच नाहीत तर ते नावही त्याला ठाऊक नाही; पायरी ३ कडे परत जा.

पायरी ५: तुमची आवृत्ती कोणती?

‘कॅट /ईटीसी/ओएस-रिलीज’ चालवा. नाव, क्रमांक आणि सांकेतिक नाव तिथे मिळेल.

उबुंटूच्या दर दोन वर्षांनी येणाऱ्या एलटीएस (दीर्घ आधाराच्या) आवृत्तीला पाच वर्षं नियमित आधार असतो, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. मुदत संपलेल्या आवृत्तीची पॅकेजेस काही काळानं नेहमीच्या सर्व्हरवरून जुन्यांसाठीच्या वेगळ्या सर्व्हरवर हलवतात. अपडेट केल्यावर ओळीमागून ओळ ४०४ येण्याचं हे सर्वांत सामान्य कारण आहे. पत्ता बदलून तात्पुरतं काम भागतं, पण अशा सिस्टीमला सुरक्षा दुरुस्त्या मिळत नाहीत. तेव्हा आपल्या फाइलींची प्रत काढा आणि नव्या आवृत्तीवर जा.

मिंटवर याचा वेगळाच प्रकार होतो. बाहेरची रिपॉझिटरी जोडायच्या सूचना बऱ्याचदा सिस्टीमचं सांकेतिक नाव आपोआप भरतात. मिंट २२ चं नाव ‘विल्मा’, पण ते ज्यावर उभं आहे त्या उबुंटू २४.०४ चं नाव ‘नोबल’. रिपॉझिटरीत ‘नोबल’ असतं, ‘विल्मा’ नसतं, आणि मिळतं ४०४. ओएस-रिलीज फाइलमधली ‘उबुंटू_कोडनेम’ ही ओळ बघून तेच नाव लिहा.

आवृत्ती बदलली की पॅकेजचं नावही बदलू शकतं. उबुंटू २४.०४ वर ‘लिबअसाउंड२’ मागितलं तर ‘हॅज नो इन्स्टॉलेशन कँडिडेट’ येतं. ३२ बिटांत मोजला जाणारा वेळ २०३८ मध्ये संपतो. ती अडचण टाळायला डेबियन आणि उबुंटूनं असंख्य लायब्ररी नव्यानं बांधल्या आणि त्यांच्या नावांना ‘टी६४’ जोडलं. म्हणून आता नाव आहे ‘लिबअसाउंड२टी६४’. गंमत अशी की त्या संदेशाच्या वरच्याच ओळींत एपीटीनं हे नाव छापलेलं असतं. लोक शेवटची लाल ओळ तेवढी वाचतात.

एखादं पॅकेज तुमच्या आवृत्तीत आहे का, हे ‘पॅकेजेस.उबुंटू.कॉम’ किंवा ‘पॅकेजेस.डेबियन.ऑर्ग’वर नाव टाकून पाहता येतं. २०२४ मध्ये जन्मलेलं सॉफ्टवेअर २०२२ च्या एलटीएसमध्ये सहसा येत नाही, कितीही वेळा अपडेट केलं तरी.

प्रोसेसरचा प्रकारही एकदा बघून घ्या. ‘डीपीकेजी --प्रिंट-आर्किटेक्चर’नं ‘एएमडी६४’ सांगितलं तर ते इंटेलच्या ६४ बिटांच्या प्रोसेसरलाही लागू आहे, घाबरू नका. ‘आर्म६४’ आलं तर एएमडी६४ साठीची डाउनलोड केलेली फाइल तिथे चालणार नाही.

लायब्ररी हरवली असेल तर

संदेशात ‘लिबफ्यूज.एसओ.२’ असं काही दिसेल. आणखी काय काय कमी आहे ते ‘एलडीडी’पुढे प्रोग्रामचा पूर्ण मार्ग देऊन बघा, ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी कामाच्या. मग ते नाव एपीटी-फाइलला द्या. हे नेमकं उदाहरण ॲपइमेज (एकाच फाइलमध्ये येणारं सॉफ्टवेअर) चालवताना येतं. उबुंटू २२.०४ वर त्याला ‘लिबफ्यूज२’ हवं, २४.०४ वर ‘लिबफ्यूज२टी६४’. घाईत नुसतं ‘फ्यूज’ पॅकेज टाकू नका. ते ‘फ्यूज३’ला बाहेर काढतं आणि त्याच्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही सोबत जाऊ शकतात. म्हणूनच एपीटी ‘वाय’ की ‘एन’ विचारतं तेव्हा वरची यादी वाचायची सवय लावा. ‘विल बी रिमूव्ड’खाली ओळखीची नावं दिसली तर ‘एन’ दाबा. थांबल्यानं काहीच बिघडत नाही.

नवी लायब्ररी जुन्या नावानं जोडून देण्याची युक्ती सांगितली जाते. प्रोग्राम कदाचित सुरू होईल, पण पुढे कधी आणि कसा कोसळेल सांगता येत नाही. तो मार्ग सोडा.

रिपॉझिटरीत नाहीच, तर कुठून आणायचं?

आधी फ्लॅटपॅकच्या फ्लॅटहब या भांडारात शोधा, किंवा उबुंटूवर स्नॅपमध्ये. यांतली सॉफ्टवेअरं आपल्या बऱ्याचशा लायब्ररी सोबत घेऊन येतात, त्यामुळे मूळ सिस्टीमला धक्का लागत नाही. बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावर ‘.डेब’ फाइल असेल तर ती ‘सुडो एपीटी इन्स्टॉल ./’ आणि लगेच फाइलचं नाव, अशी टाका. ‘डीपीकेजी -आय’ लागणारी इतर पॅकेजेस आणून देत नाही, एपीटी देतं. पीपीए (कुणी स्वतः चालवलेली उबुंटूसाठीची रिपॉझिटरी) हा त्यानंतरचा पर्याय, आणि तो कोण सांभाळतं हे पाहूनच. डेबियनवर उबुंटूची रिपॉझिटरी किंवा स्थिर आवृत्तीवर अस्थिर आवृत्तीची रिपॉझिटरी कधीही जोडू नका. एक पॅकेज मिळतं, आणि काही महिन्यांनी अपग्रेड अशा ठिकाणी अडकतं की सोडवताना अनुभवी माणसालाही घाम फुटतो.

पायथनच्या पॅकेजसाठी ‘पिप’ चालवल्यावर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ आलं, तर तेही तुमच्या भल्यासाठीच आहे. डेबियन १२ आणि नव्या उबुंटूवर सिस्टीमच्या पायथनला पिपनं हात लावायचा नसतो. ‘पायथन३-व्हीएन्व्ह’ टाका, ‘पायथन३ -एम व्हीएन्व्ह’पुढे फोल्डरचं नाव देऊन वेगळी जागा बनवा आणि त्या फोल्डरच्या ‘बिन’मधला पिप वापरा.

मधेच अडकलं असेल तर

‘कुड नॉट गेट लॉक’ आलं म्हणजे दुसरं काही तरी पॅकेजेस टाकतंय, बहुधा मागे आपोआप चालणारं सुरक्षा अपडेट. थोडा वेळ थांबा. लॉकची फाइल खोडायचा सल्ला मानू नका; काम चालू असताना ती खोडली तर पॅकेजची नोंदवही बिघडू शकते. मधेच वीज गेली असेल तर आधी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, मग ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’.

एवढं करूनही सुटलं नाही, तर मदत मागताना चार गोष्टी द्या: ओएस-रिलीजचा मजकूर, तुम्ही दिलेली पूर्ण आज्ञा, आलेलं पूर्ण उत्तर आणि ‘एपीटी पॉलिसी’नं काय सांगितलं ते. फोटोऐवजी मजकूर कॉपी करून द्या, म्हणजे समोरच्याला त्यातलं नाव शोधता येतं. तुमची सिस्टीम मराठीत असेल तर आज्ञेच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लिहा, पहिली पाच अक्षरं आणि शेवटचा सी मोठ्या अक्षरांत. ‘सुडो’ असेल तर हे त्याच्या लगेच पुढे लिहा. मग तोच संदेश इंग्रजीत येतो आणि शोधयंत्रात टाकल्यावर त्याची उत्तरं कितीतरी जास्त मिळतात.